गोखरूवाले नाना

साठी उलटलेली आठदहा माणसं रोज सकाळी एका कठड्यावर बसत असतील, तर त्यांत एक गोखरूवाले नाना असतातच. पार्ल्यात असतात, सांगलीत असतात, नागपुरात असतात. मुलाकडे सहा महिने न्यू जर्सीला गेले तर तिथल्या बागेतही असतात, फक्त कानटोपी घालून. आमचे नाना ठाण्यात तलावपाळीला असतात.

नाना पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी गावाचं पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेली, त्यामुळे स्वतःच्या पाण्याची तक्रार सुरू झाली तेव्हा त्यांना ती खात्यातलीच वाटली. "टाकी उत्तम आहे. लाइन दाबली गेलीय," असं त्यांनी कोणाकडेही न जाता जाहीर केलं. निदान चुकीचं नव्हतं. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती बसलेली प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी वीसेक ग्रॅमची असते. वयाबरोबर ती वाढते आणि नळीला आवळते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ झालेली असते. म्हणजे कठड्यावर दहाजण असले तर पाच तरी नानांचे हक्काचे पेशंट.

आपल्याकडचा पुरुष गुडघ्यांवर तासभर बोलतो, बायपास झाली असेल तर सदरा वर करून टाके दाखवतो, कवळी काढून हातात देतो. पण या एका ग्रंथीचं नाव निघालं की तो "जरा त्रास आहे" एवढ्यावर थांबतो आणि तळ्यातल्या बोटींकडे पाहू लागतो. नानांनी हा संकोच एका प्रश्नात मोडून काढला. आल्या आल्या, नमस्काराच्याही आधी, ते विचारतात, "काल रात्री किती?"

"दोन."

"माझे तीन. पहाटेचा धरला तर चार."

शेजारून पळणाऱ्या तरुण मंडळींना वाटतं, म्हातारे भलतेच पितात.

मग सोनोग्राफीचे रिपोर्ट निघाले. "माझी बेचाळीस ग्रॅम," असं बँकवाले भाऊ म्हणाले, तर "अठ्ठावन्न!" असं जोशात सांगून दुसऱ्या एका गृहस्थांनी त्यांना गप्प केलं. गंमत अशी की अठ्ठावन्नवाले रात्रभर गाढ झोपतात आणि तिशीतली ग्रंथी असलेले आमचे सर चारदा उठतात. ग्रंथीचा आकार आणि माणसाचा त्रास यांचं प्रमाण जुळेलच असं नाही, हे खरं तर वैद्यकशास्त्राचंच म्हणणं आहे. नानांनी मात्र याचं कारण वेगळं काढलं: अठ्ठावन्नवाले लाल भोपळ्याच्या बिया खातात.

तर आता नानांची पिशवी. ती कापडी असते आणि तिच्यावर एका सोनाराचं नाव असतं. आत पहिली पुडी गोखरूची. गोखरू म्हणजे आपला सराटाच. "लहानपणी ज्यानं तुमची सायकल पंक्चर केली ना, तोच आता तुमची लाइन मोकळी करणार," असं म्हणून नाना पुडी पुढे करतात. दुसरी वायवर्ण्याच्या सालीची. तिसरी पुनर्नव्याची, म्हणजे घेटुळीची. ही नाना विकत घेत नाहीत, बागेच्या कडेनं उपटतात, आणि रखवालदारानं हटकलं तर त्यालाच त्याच्या वडलांचं वय विचारतात. चौथा डबा कांचनार गुग्गुळाचा. दसऱ्याच्या संध्याकाळी नाना सोनं द्यायला येतात ते या डब्यासकट. बाजारात आपट्याची म्हणून पुष्कळदा कांचनाची पानं विकली जातात, हे आपल्याला माहीत असतं आणि आपण कानाडोळा करतो. नाना करत नाहीत. "फसवणूक कसली? हेच खरं सोनं. ग्रंथीवर याच्यासारखं काही नाही. साल उकळायची, पानं फक्त एकमेकांना द्यायची."

शास्त्राधार मागितला तर तोही तयार असतो. सुश्रुतानं मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले, चरकानं तेरा, आणि त्यांत वाताष्ठीला नावाचा जो प्रकार आहे तो म्हणजे हाच, असं नाना बोटांवर मोजत सांगतात. पुढच्या गल्लीत एक खरे वैद्य आहेत. ते नाडी पाहतात, भूक आणि झोप विचारतात, लघवीची तपासणी करून आणायला सांगतात, आणि मग दोघा भावांनाही दोन वेगळी औषधं देतात. नानांना ही दिरंगाई पसंत नाही. नानांकडे भूक, झोप, प्रकृती सगळ्यांना मिळून एकच पुडी. नाना समोरून येताना दिसले की वैद्य रस्ता ओलांडतात.

भोपळ्याच्या बियांचं प्रकरण घरात जास्त गाजलं. जर्मनीत या बिया या तक्रारीवर मान्य आहेत, हे नानांना कळलं तेव्हापासून घरात आठवड्याला एक लाल भोपळा येऊ लागला. बिया नानांच्या आणि उरलेला भोपळा घरच्यांचा. नानींनी घारगे केले, भरीत केलं, सांबारात घातला, थालिपिठात किसला. शेवटी सुनेनं विचारलं, "बाबा, नुसत्या सोललेल्या बिया मिळतात ना हो दुकानात?" नाना म्हणाले, "त्यात सत्त्व नसतं." सत्त्व बियांत नसून भोपळा कापणाऱ्याच्या कष्टांत असतं, हे नानींना त्या दिवशी समजलं.

पिशवीच्या तळाशी मात्र परदेशी माल असतो. तो न्यू जर्सीहून मुलगा पाठवतो. त्या बाटलीचा उल्लेख नाना अतिशय आदरानं "सौ. पाल्मेटो" असा करतात. लेबलावर इंग्रजीत जे लिहिलंय ते वाचून कोणालाही आधी तोच भास होतो, त्यामुळे आम्हीही सौ. म्हणू लागलो. या बाई मूळच्या फ्लोरिडाच्या. तिकडच्या बुटक्या पामच्या फळांचा अर्क. अमेरिकेत लाखो पुरुष त्यांच्यावर भरवसा ठेवून झोपतात. आणि मग उठतात.

आमचे सर निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांनी एकदा बाईंचं प्रगतिपुस्तकच आणलं. २००६ साली २२५ पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली. निम्म्यांना बाई दिल्या, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. फरक पडला नाही. मग कोणी म्हणालं, मात्रा कमी पडली असेल. म्हणून २०११ मध्ये ३६९ पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष आले; तिच्यात मात्रा वाढवत वाढवत तिप्पट केली होती. यात त्रास मोजायला सात प्रश्नांचा, पस्तीस गुणांचा तक्ता असतो. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. "बाई घेणाऱ्यांचे गुण सरासरी दोनेकनं उतरले," सर म्हणाले.

"बघा!" नाना.

"आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचे तीननं."

कठड्यावर शांतता पसरली. नाना थोडा वेळ विचारात पडले. आम्हाला वाटलं, आता पिशवी हलकी होणार. मग त्यांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून अत्यंत गंभीरपणे विचारलं, "ती खोटी गोळी कुठे मिळते हो?"

या प्रश्नाला सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आहे. ती तलावपाळीला, सकाळी साडेसहाला, फुकट मिळते. रात्रीची उठबस माणूस एकट्यानं सोसतो तेव्हा ती मोठी वाटते. दहाजणांत आकडा सांगितला की ती निम्मी होते. काहीजण नानांच्या सांगण्यावरून संध्याकाळी सातनंतरचा चहा आणि झोपतानाचं तांब्याभर पाणी सोडतात, कारण "काढा लागू पडायला पोट रितं हवं." काढा लागू पडो न पडो, चहा आणि पाणी सुटल्यानं रात्रीचं एक उठणं नक्की वाचतं. श्रेय अर्थात काढ्याला.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत मात्र सरांनी एकदा नानांना खरोखर हलवलं. नाना जोमात ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सुली वाटत होते. "प्रोस्टेटला ढाल," असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, "ढाल आहे का हे पाहायला अमेरिकेत २००१ साली पस्तीस हजारांहून जास्त पुरुष घेतले होते, नाना. २०११ साली हिशेब आला. रोज चारशे युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर सतरा टक्क्यांनी जास्त." नानांनी त्याच दिवशी कॅप्सुली मागे घेतल्या. टाकल्या मात्र नाहीत, कारण नाना काहीच टाकत नाहीत. नानींना त्या रोज रात्री चेहऱ्याला लावायला मिळू लागल्या. नानींचा चेहरा तुकतुकीत झाला आणि नाना म्हणू लागले, "बघा, ई वाईट नाहीच. पत्ता चुकला होता."

औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आहे. अमुक आजार बरा करतो अशी जाहिरात ज्यांच्याबाबत करता येत नाही, त्या यादीत प्रोस्टेटचे विकारही आहेत. म्हणून कंपन्या बिचाऱ्या डब्यावर "पुरुषांच्या आरोग्याला साहाय्यक" असलं काहीतरी गुळमुळीत छापतात आणि खाली बारीक अक्षरांत लिहितात की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. ती बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे नाना. वाचून ते प्रसन्न झाले. "औषध नाही, म्हणजे साइड इफेक्टही नाही!" कायदा कंपन्यांचं तोंड बंद करू शकतो, कठड्यावर फुकट सांगणाऱ्याचं काय करणार?

आणि नाना स्वतः? नाना ठणठणीत. कोकणात जाताना पूर्वी त्यांना पेण, वडखळ, माणगाव, महाड असे सगळे थांबे लागायचे. आता एका माणगाववर भागतं. गडकरी रंगायतनला पूर्वी कडेची खुर्ची मागायचे. आता मधली चालते आणि दुसरा अंक सुरू होऊन गेल्यावर कोणाच्या पायांवरून जावं लागत नाही. त्यांचे "तीन, पहाटेचा धरला तर चार" गेल्या दिवाळीपासून "एक" वर आले होते. गोखरूला याहून मोठं प्रशस्तिपत्र काय हवं? आम्ही सगळेच मनातून वरमलो होतो. सरांनीसुद्धा कोणी बघत नाहीसं पाहून एक पुडी खिशात घातली होती.

मग नानांचा मोतीबिंदू पिकला.

ऑपरेशनपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" नानांनी पिशवी उपडी केली. गोखरू, वायवर्णा, घेटुळी, कांचनार, बिया, सौ. पाल्मेटो. डॉक्टरांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं, त्यांनाही वडील असतील. मग म्हणाले, "प्रोस्टेटसाठी डॉक्टरांनी दिलेली काही गोळी? टॅम्सुलोसिन वगैरे?"

"छे!" नाना म्हणाले.

"अहो," नानी म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. "रोज रात्री जेवण झालं की घेता ती? दिवाळीला धाकट्या भावोजींनी युरॉलॉजिस्टकडे ओढून नेलं तेव्हापासूनची?"

डॉक्टर एकदम सावध झाले. ही गोळी नळीभोवतीचे स्नायू सैल करते, म्हणून काही दिवसांतच धार सुधारते. पण ती डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा पडदाही ढिला करते. मोतीबिंदू काढताना तो फडफडतो, बाहुली आखडते. २००५ पासून डोळ्यांच्या डॉक्टरांना हे माहीत आहे, म्हणून ते आवर्जून विचारतात. आधी कळलं तर काळजी घेता येते, न कळलं तर टेबलावर पंचाईत. गोळी बंद केली तरी परिणाम लगेच जात नाही. "आजी, तुम्ही बोललात ते फार बरं झालं," ते म्हणाले. ऑपरेशन सुरळीत पार पडलं.

ही हकिगत नानींनी सुनेला सांगितली, सुनेनं भाऊंच्या सुनेला, आणि नाना काळा चष्मा लावून कठड्यावर परत येईपर्यंत ती सगळ्या तलावपाळीला ठाऊक झाली होती. आम्ही ठरवून टाकलं होतं की कोणी काही बोलायचं नाही. पण अठ्ठावन्नवाल्यांना राहवलं नाही. "काय नाना, गोखरू की गोळी?"

काळ्या चष्म्यामुळे नानांचे डोळे दिसत नव्हते. आवाज मात्र नेहमीसारखाच भरदार होता. "तुम्हाला आयुर्वेद कळत नाही, ही खरी अडचण आहे. औषध कधी नुसतं घेतात का? मधाबरोबर घेतात, तुपाबरोबर घेतात, कोमट पाण्याबरोबर घेतात. त्याला अनुपान म्हणतात. गोखरू हे औषध. ही रात्रीची गोळी म्हणजे त्याचं अनुपान."

सरांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. रात्री चारदा उठणारा माणूस वादाला फार वेळ देऊ शकत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हे अनुपान लिहून कोण देतं?"

नानांनी डॉक्टरांचा पत्ता दिला, वेळ दिली, आणि जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताची पीएसए तपासणी आणि चालू गोळ्यांची यादी न विसरता न्यायला सांगितलं. "आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही," असंही ते म्हणाले. त्यांना हे पहिल्यापासून माहीत असावं अशा थाटात. त्या आठवड्यात आमच्या कठड्यावरचे तिघं युरॉलॉजिस्टकडे जाऊन आले. वर्षानुवर्षं मुलांनी सांगितलं, बायकांनी विनवलं, सरांनी आकडे मांडले, तरी जे हलले नव्हते ते अनुपान आणायला मात्र मुकाट गेले. डॉक्टरांना वाटतं, लोकांत जागृती होत आहे. एका पेशंटनं "जरा स्ट्राँग अनुपान द्या" असं का म्हटलं, हे मात्र त्यांना अजून उमगलेलं नाही.