बंद बोटभर लांब

घरच्या पर्यावरणस्नेही सवयी प्रवासात सोबत येतात की उंबरठ्याशीच थांबतात, हे तपासण्यास दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यासारखे सोयीचे ठिकाण नाही, कारण तेथे कासवे पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा निसर्गप्रेमी असतो, निदान स्वतःच्या मते. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. ओला-सुका कचरा वेगळा करणे, दाढी करताना नळ बंद ठेवणे आणि शेजाऱ्यांना तसे करायला सांगणे या तीन व्रतांपैकी तिसरे तो विशेष निष्ठेने पाळतो.

त्याची कापडी पिशवी हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय. आईच्या जुन्या इरकली लुगड्याची ती पिशवी २०१८च्या राज्यव्यापी प्लास्टिकबंदीच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे, हे भाजीवाल्यापासून वाण्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ झाले आहे. तिचा एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब असल्याने ती खांद्यावर तिरकी लोंबते, आतली कोथिंबीर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरते, आणि तो बंद आजवर दुरुस्त झालेला नाही तो केवळ आळसामुळे नव्हे. आंजर्ल्यालाही ती आली. मात्र आत बाटलीबंद पाण्याच्या चार बाटल्या होत्या.

एक सत्कृत्य घडले की पुढच्या गैरवर्तनाची सूट माणूस स्वतःच स्वतःला देतो, याला मानसशास्त्रात ‘नैतिक परवाना’ म्हणतात. वर्षभर वाचवलेले पाणी लेखकाने त्या परवान्यावर दोन दिवसांत बादल्यांनी वसूल केले. ते तापावे म्हणून मुक्कामाच्या घरच्या वहिनी पहाटे चारला उठून बंब पेटवत होत्या, हे त्याला निघताना कळले.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत शंभरेक अंडी घालते, ती कासवमित्र, म्हणजे राखण करणारे गावकरी, कुंपणातल्या खड्ड्यात हलवतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी वर आलेली पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालत जातात, म्हणून त्या वेळी दुसरा उजेड वर्ज्य असतो. दिवेलागणीला लेखकाने मोबाइल काढला, फ्लॅश बंद असल्याच्या खात्रीने. ती खात्री खोटी ठरली. दोन बोटांएवढे एक पिल्लू थबकले, वळले आणि समुद्राकडे पाठ करून लेखकाच्या दिशेने वल्ही मारू लागले. कासवमित्र रागावला नाही. त्याने मोबाइलवर तळहात धरला आणि ते पुन्हा वळेपर्यंत तसाच उभा राहिला. तेवढा वेळ लेखकाला स्वतःविषयी काहीही सांगावेसे वाटले नाही.

निघताना वहिनींनी चारही बाटल्या विसळून पिशवीत घातल्या. “ह्या तेवढ्या परत न्या हो, इथे टाकायच्या कुठे?” दापोलीच्या एसटीत पिशवी नेहमीप्रमाणे तिरकी लोंबत होती, आणि आतले सगळे शेजारच्या प्रवाशाला नीट दिसत होते.