पेरूला ताण

पेरूइतकं सोशिक झाड नाही, असं बागकामाचं कुठलंही पुस्तक सांगतं. मुरमाड जमीन चालते, पाणी कमी पडलं तरी कुरकुर नाही, पक्ष्यानं कुंपणाच्या कोपऱ्यात टाकलेल्या बीचंसुद्धा झाड होतं. पण सुखाची सवय लागली की हेच झाड कामाला लागेनासं होतं, हे पुस्तकात बारीक टायपात असतं. खतपाणी मुबलक मिळालं की ते नुसतं फोफावतं, गच्चीच्या कठड्याशी जाऊन शेजाऱ्यांकडे डोकावतं आणि फळांचं विचारलं तर चारदोन गळकी फुलं दाखवून वेळ मारून नेतं.

आमच्या परसातला पेरू 'सरदार' जातीचा. ही जात १९२७ साली आमच्या पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत निवडली गेली. तिचं मूळ नाव मात्र लखनौ-४९. पुण्यात नावारूपाला येऊन नाव लखनौचं लावायचं, ही गोष्ट पेरूगेटच्या आसपासच्या मंडळींनी इतकी वर्षं कशी खपवून घेतली, देव जाणे.

तर हा सरदार आमच्याकडे अक्षरशः सरदारासारखा राहत होता. तांदूळ धुतलेलं पाणी, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, चहाचा चोथा, सगळं सासूबाई त्याच्या आळ्यात नेऊन ओतायच्या. पानं हाताएवढी. फळं यायची ती पावसाळ्यात, पाणचट, आणि चिरली की आत अळ्यांचं संमेलन.

यावर शेतकऱ्यांचा जुना उपाय आहे: बहार धरायचा. पेरूला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात. आंबे बहाराची फळं पावसाळ्यात येतात, बेचव आणि किडकी. मृग बहाराची थंडीत येतात, गोड आणि घट्ट. मृग बहार हवा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडायचं, झाडाची पानं गळू द्यायची आणि जूनच्या तोंडाशी आळं खणून, शेणखत घालून पाणी सुरू करायचं. उपाशी राहिलेलं झाड मग एकदम फुटतं आणि नव्या फुटीवर फुलं धरतं. याला म्हणतात ताण देणं.

"आई, पेरूचं पाणी तोडायचंय. ताण द्यायचाय त्याला."

"भर वैशाखात? लोक पाणपोया घालतात गं वैशाखात! मुकं झाड ते, बोलता येत नाही म्हणून काहीही करायचं?"

'बोलता येत नाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही. पण एक सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तो महिनाही वैशाखच होता. पाठोपाठ पाहुण्यांची रीघ, लोणची, कुरडया, आणि दुपारी जरा पाठ टेकली की "झोपलीस का गं?" ताण देण्याचं शास्त्र या बाईंना उपजत येतं. पेरूच्या बाबतीतच तेवढं विस्मरण झालं होतं.

पाणी तोडलं, तरी रोज सकाळी आळं ओलं. विचारलं तर, "आचमनाएवढं घातलं. त्याला पाणी म्हणतात होय?" शेवटी नवऱ्यानं मध्यस्थी केली, म्हणजे तो म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून ठरवा," आणि पेपर उघडला.

दुसरा उपाय आणखी क्रूर. पश्चिम बंगालमध्ये पेरूच्या फांद्या वाकवून दोरीनं खाली बांधतात. उभी फांदी शेंड्याकडेच पळते. आडवी केली की तिच्या अंगावरचे निजलेले डोळे जागे होतात आणि जागोजाग फूट येते. मी सुतळी आणि खुंट्या घेऊन परसात उतरले, तर सासूबाई मागून जुनं नऊवारी फाडत आल्या. "सुतळी नको, काचेल त्याला." पातळाच्या पट्ट्यांनी चहूकडून जखडलेला सरदार पाहून शेजारचे काका कुंपणाशी थबकले. "वहिनी, गुन्हा काय केलाय त्यानं?"

पण झाड फुललं. मृगाच्या सरी आल्या आणि प्रत्येक आडव्या फांदीवर पांढरी फुलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आचमनानं तग धरली."

फळं लिंबाएवढी झाली आणि फळमाशी आली. ही बया हिरव्या फळाच्या सालीत सुई टोचून अंडी घालते. वरून फळ सोज्वळ दिसतं, आत अळ्या पोसल्या जातात. फळ गळून पडलं की अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि नवीन माशा होऊन वर येतात. म्हणून गळलेलं फळ रोजच्या रोज उचलायचं आणि ते खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही. आमच्याकडे हे काम कामवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी नाकारलं. "ताई, अळ्या उचलायचे पैसे वेगळे."

मग गंध सापळा आणला. त्यात मिथाइल युजेनॉल असतं. त्या वासानं माशांमधले नर धावत येतात आणि सापळ्यात मरतात. माद्या मात्र फिरकत नाहीत, त्यांची कामं असतात. तुळशीतही हेच द्रव्य असतं, आणि आमच्या वृंदावनाभोवती घिरट्या घालणाऱ्या माशा खरोखरच दिसल्या. मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सगळे नरच? मग तुळशीच्या लग्नाला वराकडची माणसं कमी पडायची नाहीत."

सापळ्यावर विसंबून भागत नाही, त्यामुळे उरलेली फळं झाकणं आलं. सफरचंदाला असते तसली फोमची जाळी, वर प्लास्टिकची पिशवी. फळवाल्याकडे टाकून दिलेल्या जाळ्या मागायला मी गेले, तेव्हा त्यानं आधी भाव सांगितला. पिठ्या ढेकणांचं मी थोडक्यात उरकते: ते पांढऱ्या कापसासारखे फांदीला चिकटतात, गोड चिकटा सोडतात, त्यावर काजळी चढते, आणि त्या चिकट्याच्या लोभानं मुंगळे त्यांची राखण करतात. साबणाचं पाणी आणि निंबोळी अर्क फवारला, बुंध्याला ग्रीसचा पट्टा ओढला. त्या पट्ट्याला सर्वांत आधी सासूबाईंचा पदर लागला.

शेंड्याकडची फळं त्यांनी झाकूच दिली नाहीत. "पोपटांनी कुठं जायचं?" पोपट आले, खारी आल्या, रात्री वटवाघळं आली. प्रत्येकानं प्रत्येक फळाचा एकच घास घेऊन उरलेलं खाली टाकलं.

झाकलेली फळं थंडीत पिकली. घट्ट, पांढरीशुभ्र, गोड. क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट, हे मी जेवताना सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. सासूबाईंच्या कवळीखाली बी जातं, म्हणून मधला गर काढून उरल्याची कोशिंबीर केली: दही, दाण्याचं कूट, मिरची आणि वर जिऱ्याची फोडणी. त्यांनी दोनदा वाढून घेतली आणि संध्याकाळी नणंदेला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत जाळ्या धुऊन ठेवत होते.

"अगं, आमच्या हिनं शिकवलं मला," त्या सांगत होत्या. "लाड बंद कर आधी. दोन महिने काही म्हणजे काही द्यायचं नाही. जरा वाकवून ठेवायचं, पण काचेल असं नाही हो, मऊ कापडानं. आपोआप वळणावर येतं."

नणंद चौथ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे पेरूचं झाड नाही. सून नुकतीच आली आहे.