सायकल मोटारीच्या टपावर

नांदेडात वाहतूकमुक्त सायकलमार्ग नाही असं म्हणणाऱ्यांना शहराचा अलीकडचा इतिहास माहीत नाही. २००८ साली गुरु ग्रंथसाहिबांच्या गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याच्या तयारीत केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा पैसा आला, रस्ते रुंद झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले आणि काही रस्त्यांच्या कडेला चक्क सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले गेले. देशातली पुष्कळ मोठी शहरं सायकलमार्गाचं नुसतं चित्र काढत होती, तेव्हा आमच्याकडे तो जमिनीवर उतरला होता. आणि सांगायला आनंद वाटतो की तो आजही पूर्णपणे वाहतूकमुक्त आहे. तिथं दुचाक्या असतात, मोटारी असतात, रसवंती असते, सीटकव्हरवाला असतो, भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू असतात. पण यातलं काहीच हलत नाही. जे हलत नाही त्याला वाहतूक कसं म्हणणार? चुकून एखादा सायकलवाला त्या पट्ट्यात शिरलाच, तर लोक आपुलकीनं विचारतात, "काका, एवढा मोठा रोड कमी पडला का तुम्हाला?"

आता मात्र शहराला नवा सायकलमार्ग हवा आहे. नदीकाठानं जाणारा, सलग, झाडीचा, एकही मोटार नसलेला. मागणी करणारे लोक चांगले आहेत, शिकलेले आहेत. करोनानंतर त्यांच्यापैकी अनेकांना सायकलचा साक्षात्कार झाला. पोट, साखर आणि रक्तदाब या तिघांनी मिळून तो घडवला. मग पुण्याहून किंवा हैदराबादहून सायकल आली. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँडही नाही. म्हणजे जुन्या हिशेबानं ती अर्धीच सायकल, पण किमतीत एक बरी सेकंडहँड मोटारसायकल येते.

ही सायकल रविवारी पहाटे मोटारीच्या टपावर चढते. पट्टे आवळले जातात, आतली माणसं हेल्मेट मांडीवर घेऊन बसतात आणि मोटार विष्णुपुरीकडं निघते. विष्णुपुरी शहराला लागूनच आहे, सायकलनं गेलं तरी तासाच्या आत माणूस पोचतो. मग मोटार कशाला? तर रस्ता धोक्याचा आहे. लातूर फाट्याकडं जड वाहनं, वळणं, उलट्या दिशेनं येणारे शूरवीर. धोका कशाचा म्हणाल तर मोटारींचा. आणि मोटारी कोणाच्या, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. रांगेतल्या निम्म्या मोटारींच्या टपावर सायकली असतात.

विष्णुपुरीला मात्र प्रसन्न वाटतं. शंकरराव चव्हाणांनी आणलेली ती उपसा सिंचन योजना, भरलेला जलाशय, जवळच विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय. इथं सायकली उतरवल्या जातात, पाण्याच्या साक्षीनं फोटो निघतात, थोडंफार चालवणंही होतं. मग नाश्त्याला सुशीला, गरम भजी, चहा. खर्च झालेल्या कॅलऱ्या व्याजासह परत मिळतात आणि सायकली पुन्हा टपावर.

याच रस्त्यानं, याच वेळी, आणखीही सायकली चालतात. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला येतो. हँडलला डबा आणि कॅरिअरला थापी-ओळंब्याची पिशवी अडकवून गवंडी येतो. रात्रपाळी संपवून वॉचमन परततो. इतर दिवशी मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली येतात, दप्तर पाठीला आणि मैत्रीण कॅरिअरला. हे सगळे ऊन असो, पाऊस असो, याच रस्त्यानं जातात, पण यांना कोणी सायकलपटू म्हणत नाही. यांच्यासाठी स्वतंत्र मार्ग हवा, असं निवेदनही कोणी दिलेलं नाही. त्यांच्या सायकलला घंटी आहे ना, तेवढं पुरे.

नदीकाठानं सलग मार्ग शक्य आहे का, हा प्रश्नही काहीजण विचारतात. नगिना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट अशी नावं घेतली की मार्ग डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि दोन घाटांच्या मध्ये काय आहे ते आठवलं की बसतो. नाला येतो, झुडपं येतात, कुणाचं तरी कुंपण येतं. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की घाटाच्या पायऱ्याच नदीत उतरतात. मात्र नदीपात्रात थेट पाण्यापर्यंत जाणारे, घट्ट दाबलेले, उताराचे रस्ते गोदाकाठच्या पुष्कळ गावांत आहेत. कोणतीही निविदा न काढता, कोणत्याही अंदाजपत्रकाशिवाय, ते हायवा आणि ट्रॅक्टरवाल्यांनी रेतीसाठी स्वकष्टानं तयार केलेत. दिवसा ते बऱ्यापैकी शांत असतात. रात्री कुणी सायकल घेऊन जाऊ नये. गेलंच तर काही पाहू नये.

नदी खणायचीच असेल तर व्हिएन्नानं काय केलं ते ऐका. डॅन्यूब नदीच्या पुरापासून शहर वाचवायला त्यांनी १९७२ साली नदीला समांतर नवा प्रवाह खणायला घेतला. काम १९८८ पर्यंत चाललं. खणून निघालेल्या मातीचं एकवीस किलोमीटर लांबीचं बेट झालं. त्या बेटावर आज लोक सायकली फिरवतात, पोहतात, झाडाखाली पडून राहतात. आम्हीही नदी खणतो, कमी खणतो असं कोण म्हणेल? पण आमच्या खोदकामातून बेट होत नाही, बंगले होतात. आणि त्या बंगल्यांत राहायला गेलेल्या लोकांना पहाटे वाटतं की शहरात सायकलसाठी नदीकाठ असायला हवा होता.

शेजारच्या लातूरकरांना हा नदीकाठाचा प्रश्नच नाही, कारण त्यांच्या शहराला नदी नाही. त्यांचं पाणी येतं धनेगावच्या मांजरा धरणातून, तेही यायचं असेल तर. २०१६ साली ते आटलं, आणि मग लातूरला जो जलकिनारा लाभला तो जगात कुणाला नाही. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी रुळांवरून आलं आणि फलाटाचाच काठ झाला. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलं होतं, म्हणजे पाण्यापाशी पाच जणांनी जमायचं नाही. वाहतूकमुक्त, गर्दीमुक्त, आवाजमुक्त जलकिनारा प्रशासनानं एका आदेशात करून दाखवला. सायकल क्लबला अडचण एवढीच की चौघांचाच क्लब काढावा लागला असता.

रुळांवरून आठवलं. लातूरला रेल्वे आली १९११ साली, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांवरून. ती इतकी निवांत चालायची की सायकलवाला तिच्याशी पैज लावू शके, असं जुनी माणसं सांगतात. २००७-०८च्या सुमारास सगळं ब्रॉडगेज झालं आणि छोटी गाडी गेली. स्पेननं बंद पडलेल्या असल्याच रेल्वेमार्गांचे १९९३ पासून हिरवे रस्ते केले. चढ कमी, वळणं लांबट, सायकलला दुसरं काय हवं? आमच्याकडे रूळ उचलले की खाली जे उरतं ती मोकळी जागा. आणि मोकळी जागा म्हणजे जिथं अजून टपरी आलेली नाही ती.

खरं तर सायकलचं शहर म्हणून मिरवायचा हक्क लातूरचाच. उद्योग भवनाच्या आसपास शिकवणीची एक बॅच सुटून दुसरी भरते तो क्षण पाहावा. पोरांच्या पाठीवर भौतिकशास्त्र, पोटात मेसची पोळी आणि बुडाखाली बिन-गिअरची सायकल. परगावच्या बापानं येताना आणखी काही नाही तरी एवढं घेऊन दिलेलं असतं. दोन वर्षं पोरगं खोली, क्लास, मेस, अभ्यासिका या चौकोनात सायकल हाणतं. नीट परीक्षा चांगली गेली की सायकल गावाहून मागून आलेल्या पोराला विकतं आणि एमबीबीएसला जातं. पुढं एमडी, हॉस्पिटल, मोटार, दुसरी मोटार. पंचेचाळिशीत त्याचाच एखादा बॅचमेट त्याचा रिपोर्ट बघून म्हणतो, "लेका, सायकल चालव जरा."

तीन जून हा जागतिक सायकल दिन. त्या दिवशी मात्र वाहतूकमुक्त मार्ग कोणत्याही शहराला मिळू शकतो. सकाळी सातला रॅली, पाहुणे साडेआठला, झेंडा पावणेनऊला. तोवर चौक अडवलेला असतो. पुढं पोलिसांची जीप, मागं रुग्णवाहिका, त्यामागं आयोजकांच्या मोटारी, आणि मधे एका रंगाचे, छातीवर प्रायोजकांची नावं असलेले टी-शर्ट. सगळी मंडळी हसत असतात, कारण रस्त्यावर खरोखरच एकही वाहन आडवं येत नाही. अशाच कुठल्याशा चौकात थापी-ओळंब्याची पिशवी लावलेली एक सायकल दोरीखालून पुढं सरकते आणि हवालदार काठी आडवी घालतो.

"थांब. रॅली चाललीय."

"साहेब, मी बी सायकलवरच हाय की."

"टी-शर्ट कुठंय?"

"नाही."

"मग हो बाजूला. सायकलवाल्यांना जाऊ दे आधी."