टेम्पुरा की तेंपुरा?

अहो वहिनी, कपडे वाळत घालाल हो नंतर, आधी इकडं या. परवाची गंमत सांगायचीच राहिली. आमची भाची आली होती ना चाकणहून, तीच ती, जपानी कंपनीत दुभाषी आहे ती. तिला म्हटलं, तुझं ते जपानी खाणं आम्हालाही एकदा दाखव की. गेलो बाई कोरेगाव पार्कात. तिनं मेनूकार्ड पाहिलं आणि म्हणाली, "एक तेंपुरा, एक एदामामे." तर तो वेटर अदबीनं वाकून काय म्हणतो? "मॅम, टेम्पुरा. अँड एडमामी." घ्या! दिवसभर जपान्यांशी बोलून जी पोट भरते, तिचीच त्यानं शिकवणी घेतली. ती हसून गप्प बसली. पण मी गप्प बसणार आहे का?

येताना रिक्षात तिला खोदून खोदून विचारलं. म्हणाली, "मावशी, जपानीत आपला ट नाहीच. ड पण नाही. जीभ वरच्या दातांशी न्यायची, म्हणजे आपला त आणि द." मग सांगा, आपल्याकडं त आहे, द आहे, लिहायला अक्षरं आहेत, आणि आपण काय करतो? इंग्रजी स्पेलिंग वाचतो आणि टकटक करत बसतो. टोफू म्हणे! तो तोऽफु, ओ चांगला लांबवायचा. उदोनचं उडॉन केलं, रामेनचं रॅमन. साके तर सगळे 'साकी' म्हणतात, जसं काही गझलच चालू आहे.

आणि त्या तेंपुऱ्याची तर वेगळीच कथा. शब्द मुळात जपानी नाहीच, पोर्तुगीजांचा आहे. ते 1510 साली गोव्यात ठाण मांडून बसले, 1543 साली जपानच्या किनाऱ्याला लागले. पीठ लावून तळायचं त्यांच्याकडून जपान्यांनी उचललं. पावसुद्धा त्यांचाच. गोव्यात त्याचा पाव झाला, जपानात 'पान' झाला. हल्ली तुम्ही कटलेटला तो पांढरा चुरा लावता ना, पांको, त्यातला पान म्हणजे आपला पावच हो. म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडी त, जपान्यांच्या तोंडी त, आणि पुण्यात येईपर्यंत ट! मधे इंग्रजीचा टोलनाका लागला ना.

अजून एक तिनं सांगितलं, ते मला फार आवडलं. त्यांचं एक अक्षर आहे, अगदी आपल्या अनुस्वारासारखं वागतं. पुढं प आला की म होतं, क आला की नाकातला ङ. म्हणून तेंपुरा आणि पांको आपण नुसतं टिंब देऊन लिहिलं की काम झालं. इंग्रजीत बिचाऱ्यांना कधी एम, कधी एन. त्यांची अक्षरंही अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न अशी ओळीनं लावलेली. बौद्ध भिक्षू संस्कृत शिकायचे, त्यांच्यामुळं हा क्रम आला म्हणे. आपल्या बाराखडीची चुलत बहीणच की.

आता राग मानू नका हं वहिनी, पण तुमच्या सूनबाई सकाळी 'माऽचा लाटे' घेतात ना, ते माऽचा नाही. त्या दिवशी तुमच्या सासूबाई "तो हिरवा मच्चा संपला का गं?" म्हणाल्या आणि पोरं फिदीफिदी हसली. मी इथंच होते, ऐकलं सगळं. भाचीला विचारलं तर म्हणे आजीच बरोबर! बच्चा म्हणतो तसं मच्चा, च वर जोर. आणि त्यातला चा म्हणजे आपला चहाच. सांगा पोरांना. नको, राहू दे, मी सांगितलं म्हणून कळेल.

आणि ते कात्सु. हिंदीवाल्यांना ते जमता जमत नाही, कत्सू-कट्सू करतात. आपल्याला काय अवघड आहे? चुन्यातला च घ्यायचा, शेवटचा उ अर्धा गिळायचा, झालं. पण मूळ शब्द काय असेल, ओळखा बघू! कटलेट! इंग्रजी कटलेटचं त्यांनी कात्सुरेत्सु केलं, मग तेही लांब वाटलं म्हणून अर्धं तोडून टाकलं. ल त्यांना नाहीच ना, जिथं तिथं र. म्हणजे ते काही फार सोवळे आहेत असं नाही हां.

करीला तर ते 'कारे' म्हणतात, कारण करी त्यांच्याकडं इंग्रजांकडून गेली. ते आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस तिकडं पळून गेले होते ना, त्यांना ती पीठ घातलेली करी पाहवेना. त्यांच्या सासऱ्यांचं तोक्योत शिंजुकूला नाकामुराया नावाचं दुकान होतं. तिथं 1927 साली यांनी अस्सल आपल्याकडची चिकन करी सुरू केली आणि नाव मुद्दाम 'कारी' ठेवलं, कारे नाही. उच्चारावर अडून बसणारा माणूस मला आवडतो बाई.

भाचीच्या कंपनीतले जपानी साहेब मात्र काही केल्या सुधारत नाहीत. वडापाव जीव की प्राण. पण व म्हणायला गेले की ब होतो, आणि आपला ड त्यांच्या जिभेवर र होऊन बसतो. कॅन्टीनला नवा पोऱ्या होता. साहेबांनी हसत हसत सांगितलं, "बारापाव." पोऱ्यानं मान डोलावली, आत गेला आणि मोजून बारा पाव आणून ठेवले की हो ताटात! वडा एकही नाही.