बदलीवरचा माणूस शोधा

आमची माईमावशी नव्या गावात शिरली की आधी देऊळ बघत नाही, किल्ला बघत नाही, समुद्र तर नाहीच नाही. ती बँक बघते. कुठल्याही बँकेची शाखा चालते. पैसे काढायचे नसतात, पासबुक भरायचं नसतं. दुपारी बाराच्या सुमाराला ती आत जाते, कॅशियरच्या खिडकीशी उभी राहते, चष्मा कपाळावर चढवते आणि विचारते, "इथे बदलीवर कोण आलंय हो?"

मावशी स्वतः बँकेत होती आणि निम्मी नोकरी तिने परगावी खोली घेऊन काढली. त्यामुळे घर मागे ठेवून आलेला, एकटा राहणारा कारकून हा तिच्या मते या विषयातला एकमेव तज्ज्ञ. "प्रवासी एकदा जेवतो, त्याला काय कळतंय? गावातला माणूस घरी जेवतो, त्याला त्याहून कमी कळतं. बदलीवाल्याला रोज दोन वेळा बाहेर जेवायचं असतं आणि पोट बिघडलं तर बघायला कोणी नसतं. त्याला विचारावं." हे तिचं म्हणणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. चीड आणणारी गोष्ट अशी की ते खरं निघतं. बाकीचे आम्ही गाडीत उपाशी बसून फोनवर चार तारे, साडेचार तारे मोजत असतो आणि ही बाई बँकेतून बाहेर येऊन सांगते, "पोस्टाच्या मागे, जिन्याखाली, पाटी नाही. साडेबाराच्या आत गेलं पाहिजे, भाकऱ्या संपतात."

मावशी शाकाहारी आहे, अगदी कट्टर. काका मासेखाऊ, तेही कट्टर. दोघांनी एकमेकांच्या ताटात कधी डोकावलं नाही, म्हणून संसार टिकला असं काका म्हणतात. पण 'शुद्ध शाकाहारी' अशी मोठी पाटी दिसली की मावशी खूश होते म्हणाल, तर उलट. "शुद्ध असल्याचं एवढं ओरडून कशाला सांगायला लागतं?" त्या पाटीमागे काय काय असतं, कोणाला दाराबाहेर ठेवलेलं असतं, हे तिला नोकरीच्या गावांतून पुरतं कळलेलं आहे; पण त्यावर ती भाषण देत नाही. ती फक्त पुढच्या दुकानात शिरते.

तिचा खरा राग पनीरवर आहे. हायवेवरचं ते झोपाळा आणि प्लॅस्टिकचा जिराफ असलेलं फॅमिली गार्डन रेस्टॉरंट घ्या. मेनूकार्ड दिवाळी अंकाएवढं जाड. मावशी ते उघडतही नाही. "आत तीन पातेली आहेत," ती आम्हाला सांगते, "एक लाल, एक पिवळं, एक पांढरं. लालात पनीर टाकलं की बटर मसाला, पांढऱ्यात टाकलं की शाही, पिवळ्यात टाकून वर मिरची ठेवली की कोल्हापुरी. कोल्हापुरात कोणी खाल्लंय का ते?" वेटर शेजारीच उभा असतो. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की पातेल्यांचा हिशेब बरोबर आहे.

मग येतो तो प्रश्न, ज्याला आमची मुलं घाबरतात, कारण त्यानंतर जेवण अर्धा तास लांबतं. मावशी आवाज खाली आणते आणि वेटरला विचारते, "तुम्ही लोक काय जेवणार आहात आज?"

कराडच्या अलीकडे एकदा हे झालं. वेटर म्हणाला, ते मेनूत नाही मावशी, ते आमचं असतं. मावशी म्हणाली, तेच सांग. तो लाजत म्हणाला, चाकवताची पातळ भाजी, भाकरी, खर्डा. "मग तेच आण." तो गल्ल्यावर विचारायला गेला. गल्ल्यावरचा गृहस्थ उठून आला आणि अजिजीने म्हणाला की बाई, ते आचाऱ्याने पोरांसाठी केलंय, गिऱ्हाइकाला कसं द्यायचं? मावशीने त्याला बसवून घेतलं. गाव कोणतं, आचारी कुठला, भाकरी कोण थापतं, सगळी चौकशी झाली. भाकरी थापणाऱ्या बाई मागच्या पडवीत होत्या. मावशी तिकडे गेली ती येईचना. आमच्या मुलांनी तोवर दोन पाकिटं वेफर्स संपवले होते आणि माझ्या बायकोने माझ्याकडे बघणं बंद केलं होतं.

भाजी आली. दाणे, हरभऱ्याची डाळ, वर लसणाची फोडणी. आम्ही मुकाट्याने दुसऱ्यांदा मागितली. खरी पंचाईत बिलाच्या वेळी झाली. त्या पदार्थाला यंत्रात नंबरच नव्हता. शेवटी मालकाने 'व्हेज कोल्हापुरी, चार' असं बिल फाडलं. ते बघून मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

कोकणात मात्र तिला बँकेची गरज पडत नाही. मालवणात आम्ही सगळे सुरमईवर तुटून पडलेलो असताना ती त्याच खानावळीत, त्याच टेबलावर, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मागवते. "कोंबडीशी जे वडे खाता तेच हे वडे. वाटपही तेच. फक्त मला पिसं काढावी लागली नाहीत." मासेवाल्या खानावळीत शाकाहारी माणसाचे हाल होतात हे तिला मान्य नाही. तिच्या मते हाल होतात ते तिथे जाऊन मिक्स व्हेज मागणाऱ्याचे. गोव्याला जायचं तर ती सोमवार धरते. सोमवारी तिथल्या पुष्कळ हिंदू घरांत शिवराक, म्हणजे आपलं शाकाहारी, जेवण असतं. "घरात ज्या दिवशी रांधतात, त्या दिवशी बाहेरच्याचाही हात बसलेला असतो," हे तिचं गणित. एरवी सगळी मंडळी शनिवार-रविवार साधून गोव्याला जातात. आम्ही सोमवारच्या खतखत्यासाठी रजा टाकतो.

तिची फजिती होतच नाही असं नाही. कोलकात्याला तिने शुक्तो खाल्लं, आलूपोस्तो खाल्लं, केळफुलाचा घंटो खाऊन तर ती भारावली. त्या भरात तिने साधी मुगाची डाळ मागवली आणि वाटीतून माशाचं डोकं वर बघायला लागलं. तिथे काही जण डाळ अशी करतात, आणि हौसेने करतात. वर कोणीतरी तिला सांगितलं की कालीपूजेचं बोकडाचं मटण कांदा-लसूण न घालता करतात आणि त्याला निरामिष म्हणतात. मावशी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. यापुढे डाळीलाही विचारत जाऊ." डोकं काकांच्या ताटात गेलं. काका त्या सहलीविषयी अजून प्रेमाने बोलतात.

विमानातही काकांचंच फावलं. तिकीट काढताना मावशीने यादीत 'हिंदू मील' वाचलं आणि विश्वासाने खूण केली. आपण हिंदू, जेवण हिंदू, आणखी काय हवं? तर ट्रेमधून कोंबडी आली. विमान कंपन्यांच्या भाषेत ते एचएनएमएल, म्हणजे गोमांस नाही एवढीच हमी. आपल्याला हवं असतं ते एव्हीएमएल. दूधही नको असेल तर व्हीजीएमएल. कंदमुळं नको असतील तर व्हीजेएमएल. आता मावशीला हे सगळे कोड पाठ आहेत आणि विमानतळाच्या रांगेत मागेपुढे कोणी अनोळखी मराठी कुटुंब दिसलं की ती विचारल्याशिवाय सांगते. शिवाय खास जेवणाचे ट्रे आधी वाटतात. शेजारचे दोनशे लोक हात चोळत बसलेले असताना आपण राजमा खायचा, यात तिला जो आनंद होतो तो शाकाहाराच्या तत्त्वज्ञानात कुठे बसतो, मला माहीत नाही.

मग तिची नात व्हीगन झाली.

आम्हाला वाटलं आता महाभारत होणार. मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दूध नाही. दही, ताक? तूपही नाही? मध? मधाचं काय वाईट केलंय कोणी?" नातीने मधमाश्यांची बाजू मांडली. मावशी रात्रभर विचार करत असावी, कारण सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "अवघड नाही. आपल्याकडे तूप वरून वाढतात. पिठलं, भाकरी, भरली वांगी, थालीपीठ, सोलकढी, कशाच्याही आत तूप नाही. वाढणारीचा हात धरला की झालं. पंजाबी भाजीत ते आत असतं, तिथे आपलं काही चालायचं नाही." म्हणजे फिरून खापर पनीरवरच.

तेव्हापासून आजी-नात जोडीने हिंडतात. हुबळी-धारवाडकडच्या खानावळींत तर मावशीने नातीसाठी कानडी मंत्रच बसवलाय: तुप्पा बेडा, मोसरू बेडा, मज्जिगे बेडा. तूप नको, दही नको, ताक नको. वाढणारी बाई ताटाशी थांबते, या पोरीला काय आजार झाला म्हणून हळहळते आणि त्या दुःखात ज्वारीची आणखी एक रोट्टी, एण्णेगाई आणि कारळ्याच्या चटणीचा ढीग वाढून जाते.

बँकॉकला मात्र दोघींचं वाजलं. तिथे 'नाम प्ला' नावाचं माशाचं पाणी आपल्या मिठासारखं सगळ्यात घालतात. भाजी हिरवीगार दिसते आणि पोटात मासा असतो. नातीच्या फोनमध्ये व्हीगन कॅफे होते, पांढऱ्या भिंती, मोठ्या वाटीत कच्चा पाला. मावशीने काचेतून आत बघितलं आणि विचारलं, "इथली माणसं कुठे आहेत यात?" इथली माणसं नव्हती. सगळे आमच्यासारखेच, बॅगा पाठीला लावलेले.

तर मावशी बँकेत शिरली. नात सांगते की तिला जमीन दुभंगावी असं वाटलं. दारावरच्या रखवालदाराने नमस्कार केला, आजीने उलटा नमस्कार केला आणि थेट खिडकीशी. भाषा नाही. आजीने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग पोहणाऱ्या माशाचा अभिनय करून त्याला ठामपणे नकार दिला, मग कोंबडीला. खिडकीतली मुलगी हसता हसता लाल झाली. तिने पैसे भरायच्या स्लिपच्या मागे दोन अक्षरं मोठी काढली आणि बाहेर बोट दाखवलं. रस्ताभर पिवळे झेंडे लागले होते आणि प्रत्येकावर लाल रंगात तीच दोन अक्षरं होती. दोघी दोन दिवस त्यांच्याखालूनच फिरत होत्या.

त्याला तिथे 'जे' म्हणतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस मांस नाही, मासळी नाही, अंडं-दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्राच्याच सुमाराला येतं. त्या दिवशी आश्विनातली तृतीया होती हे मावशीला अर्थातच ठाऊक होतं. "नवरात्र बसलंय त्यांचं!" ती रस्त्यात ओरडली. याओवारातच्या गल्ल्यांतून दोघी रात्री उशिरापर्यंत खात होत्या. मावशी फक्त एका गाडीवर अडली. तिथे गव्हाच्या सत्त्वाचं केलेलं बदक होतं, सालीच्या सुरकुत्यांसकट. नातीने मिटक्या मारत खाल्लं. मावशी म्हणाली, "एवढा नेम करायचा आणि शेवटी परत बदकच करायचं?"

आता नातीला झुरिचला नोकरी लागली आहे आणि मावशीचा व्हिसा झालाय. मी तिला मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो की तिथे 'हिल्टल' नावाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, 1898 पासून चालू आहे, जगातलं सर्वांत जुनं म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे, व्हीगनही भरपूर मिळतं, आता काही शोधायला नको.

मावशीने ते डायरीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "सव्वाशे वर्षं चाललंय म्हणजे बरं असेल. पण तिथले वाढपी दुपारी कुठे जेवतात, ते विचारून ठेव."