सहाव्या दिवसाचा हिशेब

परदेशगमन करणाऱ्या कारखानदारांत एक जात अशी आहे की, तिला हिंडण्याची हौस दांडगी असते. परंतु ती उघडपणे कबूल करणे तिला दिवाळखोरीच्या अर्जावर सही करण्याइतके अशुभ वाटते. पांझरेच्या उत्तर तीरी, धुळ्याच्या देवपुरात राहणारे, अवधानच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्यांचा कारखाना चालविणारे आणि गल्लीत नुसते 'नाना' म्हणून ओळखले जाणारे सद्गृहस्थ हे या जातीचे अस्सल प्रतिनिधी होत.

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे 1952 पासून भरत आलेले आणि हल्ली दर तीन वर्षांनी येणारे प्लास्टिक उद्योगाचे 'के' प्रदर्शन जवळ आले की नानांच्या मुद्रेवर कर्तव्याची छाया पसरू लागते. "हौस कोणाले आहे भाऊ, धंद्यासाठी जावं लागतं," हे वाक्य ते एकवीरादेवीच्या वाटेवर, कोणी विचारले नसतानाही, दोन-चार इसमांना ऐकवितात. परतीचे तिकीट मात्र एक दिवस पुढचे असते. त्याचा खुलासा मागितलाच, तर त्या तारखेचे विमान स्वस्त पडते, असा जबाब तयार असतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र त्या जादा दिवसाची बेगमी धरूनच बांधलेली आढळते.

प्रदर्शनात घालविलेल्या पाच दिवसांत नाना जत्रेत हरवलेल्या पोरासारखे विस्मयचकित होऊन फिरतात. यंत्रांपुढे उभे राहून छायाचित्रे काढवून घ्यावीत, फुकटच्या पिशव्या व माहितीपत्रके यांचा संग्रह करावा, आणि सात जन्मांत घेणे नाही अशा यंत्राची किंमत विचारून, आकडा कानी पडताच, तो आपल्या अंदाजातलाच असल्याप्रमाणे मान डोलवावी, हा त्यांचा तेथील नित्यक्रम.

सहाव्या दिवशी, आगगाडीने अर्ध्या तासावर असलेल्या कोलोनला उतरून, स्थानकासमोरच्या ख्रिस्ती महामंदिराखाली उभे राहताच मात्र नानांतील व्यापारी खडबडून जागा होतो. इतर प्रवासी 157 मीटर उंचीचे मनोरे पाहून नतमस्तक होत असता नाना मक्तेदाराची चौकशी आरंभतात. काम 1248 साली सुरू होऊन 1880 साली पुरे झाले आणि मधली तीन शतके ते बंद पडून अर्धवट मनोऱ्यावर यारी तशीच उभी होती, हे ऐकून सोबतचे हळहळतात. परंतु मनमाड–इंदूर रेल्वेच्या प्रतीक्षेत, चाळीसगावहून आलेल्या फाट्याच्या शेवटच्या स्थानकावर ज्यांच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या आणि त्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी 2024 साली मिळालेली ज्यांनी पाहिली, त्यांना 632 वर्षांचे काय अप्रूप? "पुरं झालं ना? मंग बरंच म्हणायचं," एवढाच नानांचा अभिप्राय.

दक्षिण मनोऱ्याच्या 533 पायऱ्या ते चढतात, त्या झिजलेल्या दगडाची पाहणी करीत. भिंतींबाहेर जबडा वासून पावसाचे पाणी ओकणाऱ्या पाषाणी श्वापदांत इतरांस कला दिसते, नानांस नळ दिसतो. आणि पाणी भिंतीपासून दूर फेकण्याची ही युक्ती ते चिठ्ठीवर मापासह टिपून घेतात. ऱ्हाईनवरील होहेनझोलर्न पुलाच्या कठड्याला प्रेमिकांनी लटकावलेली असंख्य कुलुपे पाहून ते भंगाराचे वजन मनाशी अजमावतात, आणि किल्ल्या नदीत फेकतात असे समजल्यावर त्या देशाच्या भवितव्याविषयी प्रथमच साशंक होतात.

देवपुरात परतल्यावर "बठ्ठं दखी उनू," एवढ्या अहिराणी शब्दांत प्रवासवर्णन आटोपून नाना पावत्या मुनिमाच्या स्वाधीन करतात. मुनीम पापभीरू; सर्वस्वी धंद्यासाठी झालेलाच खर्च वजावटीस पात्र, हे आयकर कायद्यातील कलम त्याला मुखोद्गत. तो पाच दिवस धंद्याच्या खाती घालतो आणि सहावा नानांच्या खासगी उचलीत टाकतो. अशा रीतीने पाच दिवसांची सहल उद्योगाच्या नावे आणि एका दिवसाचा उद्योग सहलीच्या नावे पडून खतावणी बिनचूक जुळते. आणि हिशेबतपासनीस, इतक्या लांब जाऊनही या गृहस्थाने चैन केवळ एकच दिवस केली, म्हणून नानांच्या काटकसरीची मनःपूर्वक तारीफ करतात.