बारा संघ, तीन विभाग आणि एक झोपलेला गडी

फँटसी हॉकी लीगमधली विभागरचना ही हंगामाआधी पार पडणारी प्रशासकीय प्रक्रिया असून बारा मित्रांना सहा महिने एकमेकांशी भांडायला विषय पुरवणं हा तिचा मुख्य उद्देश आहे. हॉकी इथली बर्फावरची, अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची. मेजर ध्यानचंद यांना या वादात ओढण्याचं कारण नाही. खेळाडू खरे, गोल खरे, दुखापती तर फारच खऱ्या. संघ तेवढे कागदावरचे. ड्राफ्टच्या दिवशी मालक आळीपाळीने खेळाडू उचलतात. मग त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत केलेले गोल, असिस्ट, मारलेले शॉट आणि गोलरक्षकांनी अडवलेले शॉट यांच्या बेरजेवर दर आठवड्याला सोमवार ते रविवार एका मित्राचा दुसऱ्या मित्राशी सामना लागतो. ड्रीम११सारखा एका संध्याकाळचा हा मामला नव्हे. ऑक्टोबरात सुरू होऊन वसंत ऋतूपर्यंत चालतो, आणि समोरचा प्रतिस्पर्धी बऱ्याचदा ऑफिसातला शेजारी किंवा सख्खा मेहुणा असतो.

विभागांची गरज गणितातून निर्माण होते, निदान तसं सांगितलं जातं. बारा संघांचे चार-चारचे तीन विभाग पाडले, आपल्या विभागातल्या तिघांशी चार-चार सामने आणि उरलेल्या आठ जणांशी एकेक सामना ठेवला की वीस आठवडे भरतात. प्रत्येक विभागाचा विजेता थेट प्लेऑफमध्ये जातो, बाकीच्या जागा गुणांवर. म्हणजे वीसपैकी बारा सामने त्याच तीन तोंडांशी. ती तीन तोंडं कोणाची, यावर हंगामाचं भवितव्य ठरतं. बारा संघ अशा तीन विभागांत वाटण्याचे एकूण ५,७७५ मार्ग आहेत. त्यांपैकी ५,७७४ सरळसरळ अन्यायाचे असतात. उरलेला एक न्याय्य मार्ग कोणता, हे मालकागणिक बदलतं.

या संपूर्ण शास्त्राच्या केंद्रस्थानी असतो झोपलेला गडी. प्रत्येक लीगमध्ये असा एकजण असतो. ड्राफ्टला तो सगळ्यांच्या आधी हजर, तक्ते छापून आणलेले, दुसऱ्यांच्या निवडीवर शेरे मारणारा. नोव्हेंबर सरता सरता त्याचा उत्साह ओसरतो. डिसेंबरात त्याच्या संघात गुडघ्याचं ऑपरेशन झालेला बचावपटू पहिल्या फळीत उभा असतो, आणि ज्या गोलरक्षकाला खऱ्या संघाने कनिष्ठ लीगमध्ये धाडलं तो इथे अजून गोलपोस्ट राखत असतो. या गड्याशी चार सामने म्हणजे चार विजय, तेही घाम न गाळता. म्हणून विभागरचनेच्या चर्चेत समतोल, परंपरा, भूगोल, क्रीडावृत्ती असे जे जे शब्द येतात, त्यांचा अर्थ काढताना एवढंच पाहावं की बोलणाऱ्याला झोपलेला गडी स्वतःच्या विभागात हवा आहे. अभ्यासकांमध्ये याबाबत मतभेद आढळत नाहीत.

जाहीर कारणं मात्र वेगळी असतात आणि ती थोर असतात. पहिलं कारण भूगोल. एका शहरात राहणाऱ्यांचा एक विभाग करावा, हे ऐकायला रास्त वाटतं. पण संघ मोबाइलमध्ये असल्यामुळे प्रवासाचा प्रश्न कोणालाच येत नाही. शिवाय भूगोलाचा दाखला एनएचएलच्या नावाने देणं धाडसाचंच. व्हँकुव्हरचा संघ १९७० साली लीगमध्ये आला. शहर पॅसिफिकच्या काठावर. संघाला घातलं पूर्व विभागात, आणि तो १९७४पर्यंत तिथेच राहिला. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेलं डॅलस १९९८ ते २०१३ अशी पंधरा वर्षं पॅसिफिक विभागात खेळलं. २०११ साली अटलांटाचा संघ उचलून कॅनडातल्या विनिपेगला नेला, पण त्याचा विभाग बदलायला कोणाला सवड झाली नाही. परिणामी उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीसाठी ओळखलं जाणारं शहर दोन हंगाम आग्नेय विभागात, फ्लोरिडाच्या दोन संघांच्या मांडीला मांडी लावून बसलं. टोरंटो तर १९८१ ते १९९८ पश्चिमेकडच्या गटात होतं, आणि त्याचा जुना वैरी माँट्रियल पूर्वेकडच्या. ज्या लीगला आपली शहरं नकाशावर सापडत नाहीत, तिच्यावरून बेतलेल्या खोट्या लीगकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुसरं कारण ज्येष्ठता. जुने सभासद एका बाजूला, नंतर आलेले दुसऱ्या बाजूला, अशी मागणी जुने सभासदच करतात. यालाही आधार आहे. १९६७ साली एनएचएलने सहाचे बारा संघ केले तेव्हा जुने सहा पूर्वेत ठेवले आणि नवे सहाच्या सहा पश्चिमेत, त्यात अटलांटिकपासून हाकेच्या अंतरावरचं फिलाडेल्फियाही. त्या पहिल्या हंगामात पश्चिम विभागाचा विजेता ठरला तो हाच फिलाडेल्फिया, ३१ विजय आणि ३२ पराभव घेऊन. पुढचा विनोद अंतिम फेरीत झाला. पश्चिमेतून सेंट लुईस १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं अंतिम फेरीत पोहोचलं आणि तिन्ही वेळा चार-शून्यने हरलं. बारा सामने, बारा पराभव. फँटसी लीगमधले नवखे मालक हा इतिहास वाचतात, पण त्यातून भलताच धडा घेतात: सेंट लुईसला निदान तीनदा अंतिम फेरी तरी मिळाली. त्यामुळे नवख्यांच्या विभागाला तोंडदेखला विरोध करून ते लगेच संमती देतात.

उरतो तिसरा मार्ग, मागच्या वर्षीच्या क्रमवारीने वाटप. पहिला, सहावा, सातवा आणि बारावा एका विभागात, त्याच हिशेबाने पुढचे. कागदावर हे निर्दोष आहे. अडचण एवढीच की मागच्या वर्षी सातवा आलेला मालक आपण दुर्दैवाने सातवे आलो असं मानतो, आणि सहावा आलेला आपल्याला सहावा समजणं हाच अपमान मानतो. चिठ्ठ्या टाकण्याची पद्धतही आहे. ती सर्वांना मान्य असते, निकाल लागेपर्यंत.

अंतिम निर्णय कमिशनरचा. हे पद बिनपगारी, अधिकार जवळपास अमर्याद. खऱ्या एनएचएलचे कमिशनर गॅरी बेटमन १९९३पासून पदावर आहेत आणि चषक वितरणाच्या वेळी प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवतात, हा आता समारंभाचाच भाग झाला आहे. फँटसी कमिशनरच्या वाट्याला हुर्यो तेवढी येते. तो स्वतःही एक संघ चालवतो, ही या पदाची खरी गंमत. महापालिका निवडणुकीआधी प्रभागरचनेचा आराखडा जाहीर झाला की जो तो आधी आपली गल्ली कुठे गेली ते शोधतो आणि मग लोकशाहीची चिंता करतो. इथेही आराखडा ग्रुपवर पडताच नेमकं तेच होतं. फरक इतकाच, की इथे आराखडा काढणारा स्वतःच उमेदवार असतो. हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाते. सूचना येत नाहीत.

हरकतींचा नमुना पाहण्यासारखा असतो. एकजण विचारतो, "तुमच्या विभागात चार संघ आहेत की तीन संघ आणि एक सुट्टी?" उत्तर येतं, "जळू नकोस. तुझ्या विभागात मी डिसेंबरभर झोपलो तरी दुसरा येईन." त्यावर तिसरा: "मागच्या वर्षी झोपलाच होतास. अकरावा आलास." इतका वेळ गप्प असलेला झोपलेला गडी मग अंगठ्याचं चिन्ह टाकतो. बहुधा त्याने वरचं काही वाचलेलं नसतं. हंगामातला हा त्याचा शेवटचा सक्रिय सहभाग ठरण्याची शक्यता असते, म्हणून त्याचीही टिंगल होते.

विभाग ठरले की नावांचा प्रश्न. एनएचएलने १९७४पासून विभागांना ॲडम्स, पॅट्रिक, नॉरिस आणि स्माइथ अशी जुन्या दिग्गजांची नावं दिली होती. नवख्या प्रेक्षकाला काही कळत नाही म्हणून १९९३ साली ती काढून भूगोलाची नावं आली. जुने शौकीन आजही हळहळतात. त्यामुळे फँटसी लीगमध्ये एक गट नॉरिस-स्माइथची नावं परत आणायची मागणी करतो. दुसरा गट विभागांना कमिशनरच्या कुत्र्यापासून त्याच्या फसलेल्या खेळाडू-अदलाबदलीपर्यंत काहीही नाव द्यायला तयार असतो. मतदानात दुसरा गट जिंकतो.

विभाग सोपा असणं हा गुन्हा आहे का, यावर वाङ्मय विपुल आहे. २०२०-२१मध्ये कोविडमुळे सीमा बंद असताना कॅनडाच्या सात संघांचा स्वतंत्र उत्तर विभाग केला गेला. त्यात चौथं आलेलं माँट्रियल थेट अंतिम फेरीत गेलं आणि टॅम्पाकडून हरलं. सोप्या विभागातला मालक या उदाहरणातली अंतिम फेरी सांगतो, कठीण विभागातला पराभव सांगतो.

विभागांशिवायही लीग उत्तम चालते. बारा संघ, प्रत्येकाला अकरा प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी दोन सामने, बावीस आठवडे. झोपलेला गडी सर्वांच्या वाट्याला सारखाच. हा प्रस्ताव दर सप्टेंबरात कोणीतरी मांडतो. त्याला अनुमोदक मिळत नाही.